डॉट ईयू डोमेन: पहिल्या दिवसापासून वापरतेय, म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. डॉट ईयू म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी येणारं '.eu', युरोपियन युनियनसाठीचं. आज कोणी मला विचारलं की युरोपात छोटा धंदा आहे, डॉट ईयू घेऊ का, तर मी डोळे झाकून घे म्हणते. रिन्यूअल वेळेवर होतं, नाव मधेच बंद पडत नाही, ट्रान्सफरला कटकट नाही. मग दीड तारा कुठे गेला? तो गेला २००५-०६ च्या हिवाळ्यात, जेव्हा ही नावं पहिल्यांदा वाटली गेली तेव्हा. तुम्ही म्हणाल एवढं जुनं कशाला उगाळतेस. उगाळते, कारण तेव्हा जी नावं चुकीच्या हातात गेली त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत, आणि माझ्या एका क्लायंटचं त्यातलंच एक आहे. नवीन घेणाऱ्याला हा इतिहास माहीत नसतो, मग तो विचारतो की अहो एवढे साधे साधे शब्द सगळे आधीच कसे काय गेलेत, आणि त्या पानांवर नुसत्या जाहिरातीच का दिसतात. त्याचं उत्तर इथे देते.

मी नेदरलँड्समध्ये राहते, छोट्या दुकानांच्या वेबसाइट बनवते आणि त्यांची डोमेन सांभाळते. तेव्हा नुकतीच सुरुवात केली होती, चार-पाच क्लायंट होते फक्त. त्यातले एक आजोबा लाकडी खेळणी बनवून विकायचे, दुकान त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचं, दुकानाचं नाव म्हणजे दोन साधे डच शब्द एकत्र जोडलेले, आणि त्या नावाने चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदणी कित्येक वर्षं जुनी. दारावर हाताने रंगवलेली पाटी होती, ती मी वेबसाइटवर तशीच फोटो काढून लावली होती. आजोबांना डॉट ईयू हवं होतं कारण त्यांची अर्धी गिऱ्हाइकं बेल्जियम आणि जर्मनीची. हे सगळं सांगतेय ते अशासाठी की त्यांच्यापेक्षा त्या नावावर जास्त हक्क असलेला माणूस मला तरी दिसत नव्हता.

आता हे वाटप कसं ठरलं होतं ते बघा. युरोपियन युनियनने २००२ साली ७३३/२००२ हा नियम करून डॉट ईयूचा पाया घातला, चालवायला दिलं युरिड नावाच्या ना-नफा संस्थेला, ऑफिस बेल्जियममध्ये. २००४ मध्ये ८७४/२००४ हा दुसरा नियम आला, त्यात नावं कोणाला आणि कोणत्या क्रमाने द्यायची ते लिहिलेलं. सगळ्यांना एकदम दार उघडलं तर झुंबड उडेल आणि ब्रँडवाल्यांची नावं कोणीही लाटेल, म्हणून आधी हक्कदारांसाठी वेगळा काळ ठेवला, त्याला सनराइज म्हणतात. ७ डिसेंबर २००५ ला सकाळी अकरा वाजता सनराइजचा पहिला टप्पा सुरू, त्यात फक्त नोंदणीकृत ट्रेडमार्कवाले, भौगोलिक ओळखीची नावं आणि सरकारी संस्था. ७ फेब्रुवारी २००६ ला दुसरा टप्पा, त्यात कंपनीचं नाव, दुकानाचं नाव, बिगर-नोंदणीचा ट्रेडमार्क वगैरे बाकीचे हक्क. आणि ७ एप्रिल २००६ ला सगळ्यांसाठी, त्याला लँडरश. प्रत्येक टप्प्यात जो आधी त्याला आधी.

ऐकायला किती न्याय्य वाटतं. मलाही वाटलं होतं. मी आजोबांना सांगितलं, आपलं दुकानाचं नाव आहे, ट्रेडमार्क नाही, म्हणून आपला नंबर फेब्रुवारीत, तोपर्यंत कागद जमवू. ते म्हणाले ठीक आहे, नियम आहे तर नियम आहे. चेंबरचा उतारा काढला, जुनी बिलं काढली, पाटीचा जुना कृष्णधवल फोटोसुद्धा शोधून ठेवला कारण अर्ज केल्यावर चाळीस दिवसांत पुरावे पाठवायचे होते, आणि ते तपासायला प्राइसवॉटरहाऊसकूपर्स या बड्या ऑडिट फर्मची बेल्जियम शाखा नेमली होती. आम्ही फाइल तयार करून बसलो.

फेब्रुवारीत अर्ज टाकला तर कळलं की पहिल्या टप्प्यातच नावावर कोणीतरी अर्ज करून बसलंय. ट्रेडमार्कच्या जोरावर. मी म्हटलं हे कसं शक्य आहे, या नावाचा ट्रेडमार्क असता तर आजोबांना इतक्या वर्षांत कळलं नसतं? मग बेनेलक्सच्या (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग मिळून) ट्रेडमार्क रजिस्टरमध्ये शोधायला बसले, ते ऑनलाइन फुकट बघता येतं. आधी नाव टाकलं तर काहीच नाही. मग अर्धं नाव टाकून बघितलं, आणि ते सापडलं. पहिल्या शब्दाच्या मधोमध एक '&' खुपसलेला. नोंदणी सनराइजच्या जेमतेम काही आठवडे आधीची. आणि माल कुठला? चामड्याच्या पिशव्या. लाकडी खेळण्यांच्या नावाला चामड्याच्या पिशव्यांचा ट्रेडमार्क. मी स्क्रीनकडे नुसती बघत बसले होते, नवऱ्याला हाक मारून दाखवलं, त्याला आधी कळेचना की यात अडचण काय आहे, समजावून सांगितल्यावर तो म्हणाला अगं हे तर दिवसाढवळ्या चाललंय.

ही पळवाट नेमकी कुठली ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळी मेख आहे. डोमेनच्या नावात '&', '@', '%', '+' अशी चिन्हं चालत नाहीत. मग ज्यांच्या ट्रेडमार्कमध्ये खरोखरच असं चिन्ह आहे, त्यांनी काय करायचं? म्हणून ८७४/२००४ च्या ११ व्या कलमात सोय दिली की असं चिन्ह असेल तर ते पूर्ण काढून टाका, किंवा त्याच्या जागी हायफन टाका, किंवा शक्य असेल तर शब्दात लिहा. तीनपैकी काय करायचं ते अर्जदाराने निवडायचं. सोय चांगल्या मनाने दिलेली, पण सट्टेबाजांनी ती उलट्या बाजूने वाचली. साधा शब्द, समजा 'टायर', टायरच्याच मालासाठी ट्रेडमार्क म्हणून मिळत नाही कारण तो सगळ्यांचा शब्द आहे, कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही. पण त्याच शब्दाच्या अक्षरांमध्ये '&' पेरले आणि भलत्याच मालासाठी अर्ज केला तर ते चित्रविचित्र दिसतं म्हणून ट्रेडमार्क ऑफिस देऊन टाकतं. मग डोमेनच्या अर्जात सांगायचं, चिन्ह काढून टाका. चिन्ह निघालं की खाली उरतो तोच साधा सगळ्यांचा शब्द, आणि तो तुमच्या एकट्याचा.

त्यात बेनेलक्समध्ये घाईची नोंदणी मिळायची, आधी नोंद आणि तपासणी नंतर, म्हणजे काही दिवसांत ट्रेडमार्क हातात. महिनोनमहिने वाट बघायची गरजच नाही.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण रायफन डॉट ईयूचं. रायफन म्हणजे जर्मनमध्ये टायर. ऑस्ट्रियातली एक कंपनी, इंटरनेटपोर्टल उंड मार्केटिंग नावाची, तिने स्वीडनमध्ये ट्रेडमार्क घेतला, असा: &आर&ई&आय&एफ&ई&एन&. प्रत्येक अक्षराच्या आधी आणि नंतर '&'. माल कुठला, तर सीट बेल्ट. सीट बेल्ट विकायचे होते का? अजिबात नाही, टायरच्या व्यापाराचं पोर्टल काढायचं होतं. नोंदणी झाली २००५ च्या नोव्हेंबरअखेर, म्हणजे सनराइज उघडायच्या तोंडावर. आणि एकच नाही, अशाच पद्धतीने ३३ जर्मन शब्द स्वीडनमध्ये ट्रेडमार्क म्हणून टाकले होते, आणि वेगवेगळ्या साध्या शब्दांच्या एकूण १८० डोमेनसाठी अर्ज केले होते. १८०! आमच्या आजोबांना एक हवं होतं.

या प्रकरणात दुसरी बाजू पण वाचण्यासारखी आहे. ज्याने तक्रार केली तो टायरवाला नव्हताच. त्याच्याकडे बेनेलक्समधला 'रायफन' हा ट्रेडमार्क होता, खिडक्यांसारखे पृष्ठभाग साफ करायच्या मालासाठी, आणि म्हणणं असं की हे नाव राइनिगुंग म्हणजे सफाई आणि फेन्स्टर म्हणजे खिडकी या दोन शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून बनवलंय. हाही ट्रेडमार्क त्याच नोव्हेंबर २००५ मध्ये नोंदलेला. म्हणजे टायर या शब्दासाठी दोघं भांडतायत, एकाच्या कागदावर सीट बेल्ट, दुसऱ्याच्या कागदावर खिडक्यांची सफाई, आणि जर्मनी-ऑस्ट्रियात जे लोक खरोखर टायर विकतात ते कुठेच नाहीत. मला या सगळ्या गोष्टीतलं हेच सगळ्यात जास्त लागतं. नियम असा होता की खऱ्या धंदेवाल्याला रांगेत मागे उभं केलं आणि कागद बनवणाऱ्याला पुढे.

प्राग इथल्या झेक लवाद न्यायालयाकडे डॉट ईयूचे वाद सोपवलेले, त्यांनी जुलै २००६ मध्ये नाव तक्रारदाराला दिलं. कंपनी कोर्टात गेली, ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, तिथून प्रश्न युरोपियन कोर्टाकडे, आणि ३ जून २०१० ला निकाल लागला, खटला सी-५६९/०८. कोर्टाने सांगितलं की वाईट हेतू ओळखायचा तर नियमात दिलेल्या उदाहरणांपुरतं बघून चालणार नाही, सगळी परिस्थिती बघा. ट्रेडमार्क ज्या मालासाठी घेतला त्या मालासाठी वापरायचा इरादा होता का, त्याचं रूप भाषेला धरून आहे का की विचित्र आणि अर्थाला सोडून आहे, असे ढिगाने साधे शब्द नोंदवलेत का, आणि सनराइजच्या अगदी आधी नोंदवलाय का. आणि डोमेन घेताना ती चिन्हं नियमातल्या सोयीचा फायदा घेऊन काढायला लावली का, हेही बघा. मी तो निकाल वाचला तेव्हा वाटलं की कोणीतरी माझ्याच मनातलं लिहिलंय, प्रत्येक मुद्दा आजोबांच्या केसला शब्दशः लागू. पण सनराइजनंतर साडेचार वर्षं झाली होती. बैल गेला आणि झोपा केला.

शहरांची नावंही सुटली नाहीत. बार्सिलोनाच्या नावाचा ट्रेडमार्क मधोमध '&' घालून, बार्क&एलोना असा घेऊन अर्ज झाला होता. शहर महापालिकेला त्याच पहिल्या टप्प्यात अर्ज करायची मुभा होती हे खरं, पण जो आधी त्याला आधी म्हटल्यावर महापालिकेचा बाबू आणि अकराच्या ठोक्याला अर्ज टाकायला टपून बसलेला सट्टेबाज, कोण आधी पोचणार ते सांगायला नको.

दुसरी एक पळवाट परवान्याची. डॉट ईयू फक्त युरोपियन युनियनमधल्यांना, पण ट्रेडमार्कचा परवाना ज्याला दिलाय तोही सनराइजमध्ये अर्ज करू शकतो असं नियमात होतं. मग बाहेरच्या कंपनीने काय करायचं, इथल्या कोणाला तरी कागदावर परवाना द्यायचा आणि त्याच्या नावाने डोमेन घ्यायचं. लेन्सवर्ल्ड डॉट ईयूचं तसंच झालं, ट्रेडमार्क अमेरिकन कंपनीचा, अर्ज बेल्जियमच्या एका सल्लागार फर्मचा, आणि तक्रार बेल्जियमच्याच चष्म्या-लेन्सवाल्या कंपनीची. १९ जुलै २०१२ ला युरोपियन कोर्टाने सांगितलं की ज्याला फक्त स्वतःच्या नावावर डोमेन नोंदवायला नेमलंय आणि ट्रेडमार्कचा धंद्यात वापर करायचा अधिकारच दिलेला नाही, तो या नियमातला परवानाधारक होत नाही. बरोबरच आहे. पण इथेही बघा, २०१२.

आता कोणी म्हणेल की नवीन गोष्ट होती, असं होणार हे कसं कळणार. मला हे पटत नाही, कारण आधी होऊन गेलं होतं. २००१ मध्ये डॉट इन्फो उघडलं तेव्हा सनराइजमध्ये ट्रेडमार्क तपासलेच नव्हते, अर्जात काहीही नंबर टाकले तरी चालत होते, मग इतके खोटे दावे निघाले की जागतिक बौद्धिक संपदा संघटनेला १५,१७२ आव्हानं निकाली काढावी लागली, आणि त्यातली बहुतेक तर रजिस्ट्रीनेच, म्हणजे ते डोमेन चालवणाऱ्या संस्थेनेच, स्वतः दाखल केलेली. डॉट ईयूवाल्यांनी त्यातून धडा घेतला, तपासणी ठेवली, एवढी मोठी फर्म नेमली. पण डॉट इन्फोला कागद खोटे होते. इथे कागद खरे होते. ट्रेडमार्क खरंच नोंदलेला, नंबर खरा, तारीख खरी, शिक्का खरा. तपासणारा माणूस कागद बघणार आणि बरोबर आहे म्हणणार, कारण त्याला हेतू तपासायला सांगितलंच नव्हतं. कागदी घोडे नाचवणाऱ्याला कागद तपासून कसं पकडणार?

आणि उपाय काही रॉकेट सायन्स नव्हता हो. एक तारीख घालायची होती. ट्रेडमार्क अमुक तारखेच्या आधीचा हवा, बस. ७३३/२००२ आला २००२ च्या एप्रिलमध्ये, तीच तारीख घातली असती तरी हे सनराइजच्या तोंडावर छापलेले सगळे '&' वाले बाद झाले असते. डॉट आशियावाल्यांनी २००७ मध्ये सनराइज काढलं तेव्हा नेमकं हेच केलं, ट्रेडमार्कवाल्यांच्या पहिल्या फेरीत एका ठरावीक जुन्या तारखेच्या आधी अर्ज केलेले ट्रेडमार्कच चालतील आणि ते वापरात असल्याचा पुरावा द्या. नंतर २०१३ पासून नव्या डोमेनांसाठी ट्रेडमार्क क्लिअरिंगहाऊस, म्हणजे ट्रेडमार्क तपासून ठेवणारी एक सामायिक नोंदवही, आलं, तिथेही सनराइजसाठी वापराचा पुरावा मागतात. म्हणजे डॉट ईयूच्या चुकीतून पुढचे सगळे शिकले. ज्यांचं गेलं त्यांचं गेलं.

लँडरशबद्दल पण थोडं सांगते कारण तो दिवस मी कीबोर्डवर बसून काढलाय. ७ एप्रिल, शुक्रवार, अकरा वाजता. आजोबांचं मूळ नाव गेलंच होतं, पण आम्ही ठरवलं होतं की हायफनवालं तरी मिळवायचं, दोन शब्दांच्या मध्ये आडवी रेघ. आजोबा दुकान बंद करून माझ्याकडे येऊन बसले होते, चहा तसाच गार झाला. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, आधीच ऑर्डर टाकून ठेवली होती पण त्याचं पान इतकं हळू चालत होतं की मी वेड्यासारखी रिफ्रेश करत होते. दुपारी कधीतरी मेल आली की मिळालं. आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशीही खेळ चालू होताच, फक्त वेगळा. नियम असा की प्रत्येक रजिस्ट्रारला रांगेत सारखी संधी, मोठा असो की छोटा. मग सट्टेबाजांनी काय करावं, एकाऐवजी शेकडो रजिस्ट्रार उभे केले, नुसत्या नावाच्या कंपन्या, आणि प्रत्येकाच्या रांगेतून त्याच त्याच नावांच्या मागण्या टाकल्या. रांगेत तुमची एक चिठ्ठी आणि त्यांच्या शेकडो. गोडॅडी या मोठ्या अमेरिकन रजिस्ट्रारच्या बॉब पार्सन्स यांनी तेव्हाच जाहीरपणे लिहून ओरड केली होती की हे नकली रजिस्ट्रार आहेत. युरिडने आधी मानलं नाही, आणि मग जुलै २००६ मध्ये स्वतःच ७४,००० डोमेन गोठवली आणि ४०० रजिस्ट्रारवर करारभंगाचा दावा लावला. ही कारवाई केली त्याबद्दल मी त्यांना पूर्ण मार्क देते, सगळ्या रजिस्ट्री एवढं करत नाहीत. पण ट्रेडमार्कवाल्यांवर असं काही करता आलं नाही, कारण त्यांनी करार मोडलाच नव्हता, ते नियमाच्या आतूनच आत शिरले होते. आयत्या बिळावर नागोबा, आणि बिळाचा सातबारा पण त्याच्याच नावावर.

मग आजोबांनी तक्रार का नाही केली, असं मला बरेच जण विचारतात. लवादाची फी तेव्हा जवळपास दोन हजार युरो होती, वकील वेगळा. डोमेनची घाऊक किंमत १० युरो. आजोबा म्हणाले दोन हजारात मला जुनं पण चांगलं खराद मशीन मिळतं, ते मी घेईन. आणि घेतलं त्यांनी, अजून चालू आहे. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, आता नाही येत. समोरच्याने हाच हिशोब केलेला असतो, की छोटा माणूस दहा युरोच्या गोष्टीसाठी दोन हजार घालणार नाही. वर्षभराने एक मेल आली होती, त्या नावाच्या मालकाकडून, की नाव विकायचंय, आणि आकडा चार अंकी. म्हणजे नियमाने वागलेल्या माणसाने स्वतःच्याच दुकानाचं नाव विकत घ्यायचं. आम्ही उत्तर दिलं नाही.

बरं, आता आजची सेवा, कारण शेवटी तुम्ही घ्यायला आलाय आज.

नोंदणी सोपी आहे. रजिस्ट्रारकडे नाव शोधा, मोकळं असेल तर काही मिनिटांत चालू. थेट युरिडकडून मिळत नाही, रजिस्ट्रारकडूनच. माझा अनुभव असा की पहिल्या वर्षाची किंमत बघून भुलू नका, रिन्यूअलची बघा, काही जण पहिल्या वर्षी जवळपास फुकट देतात आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट-तिप्पट लावतात, माझ्याबाबतीत एकाने हे केलं म्हणून सगळी नावं उचलून दुसरीकडे नेली. ट्रान्सफरला ऑथ कोड (नाव दुसरीकडे हलवायचा पासवर्डच तो) मागायचा, त्याला मुदत असते, वेळेत वापरला नाही तर परत मागावा लागतो, बाकी काही नाही. घाऊक दर सुरुवातीच्या १० युरोवरून बराच खाली आलाय.

व्हूइजमध्ये, म्हणजे नाव कोणाचं ते दाखवणाऱ्या यादीत, खासगी माणसाने नाव घेतलं असेल तर नाव-पत्ता दिसत नाही, ईमेल दिसतो फक्त, हे मला आवडतं. कंपनीच्या नावावर घेतलं तर कंपनी दिसते, गिऱ्हाइकाला खात्री पटते. डीएनएसेक, म्हणजे नाव खोट्या पत्त्यावर वळवू न देणारी सुरक्षा, चालतं. संशयास्पद नावं नोंदणीच्या वेळीच पकडायची त्यांची एक यंत्रणा आहे, त्यात अडकलं तर ओळखपत्र दाखवावं लागतं आणि मग नाव चालू होतं. माझ्या एका क्लायंटचं असं अडकलं होतं, वैताग आला होता त्याला, पण मी म्हटलं २००५ मध्ये एवढी चौकशी झाली असती तर मी कागदपत्रं घेऊन स्वतः त्यांच्या दारात उभी राहिले असते.

कोण घेऊ शकतं हे नीट बघा, कारण इथे लोक फसतात. युरोपियन युनियनमध्ये राहणारा माणूस, तिथे असलेली कंपनी किंवा संस्था, आणि ऑक्टोबर २०१९ पासून युनियनचा नागरिक जगात कुठेही राहत असला तरी. नुसती इच्छा असून चालत नाही. ब्रिटन बाहेर पडल्यावर तिथल्या लोकांची नावं २०२१ च्या सुरुवातीला बंद केली आणि वर्षभराने काढूनच घेतली. लंडनमधल्या माझ्या एका ओळखीच्या बाईचं वर्षानुवर्षं वापरलेलं नाव असंच गेलं, ईमेल पत्ता त्याच नावावर, सगळ्या बँका-विमा तिथेच जोडलेले. तिचा काही दोष नव्हता. पात्रता बदलू शकते हे लक्षात ठेवून, ईमेलसाठी दुसरं एखादं नाव सोबत ठेवा एवढं मी सांगेन.

वादाचं बोलायचं तर आता झेक लवाद न्यायालयाबरोबर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडेही जाता येतं, आणि खर्च तेव्हापेक्षा पुष्कळ कमी झालाय. मागच्या काही वर्षांत एका क्लायंटसाठी मी कागद तयार करून दिले, सगळं ईमेलवर आणि ऑनलाइन, वकील न लावता निभावलं, निकाल आमच्या बाजूने लागला. २०१० च्या त्या निकालातले मुद्दे मी एकेक करून लिहिले होते अर्जात. तारखा, माल, इतर नावांची यादी. तुम्हाला करायचं असेल तर असंच करा, भावनेने लिहू नका, ट्रेडमार्क रजिस्टरची पानं जोडा, समोरच्याने अजून कुठकुठली नावं अडवलीत ती शोधून जोडा, एकट्या नावावरून हेतू दिसत नाही, ढीग दाखवला की दिसतो.

आणि कुठलंही नवीन प्रदेशाचं किंवा शहराचं डोमेन उघडणार असेल आणि तुमचं दुकान-संस्था तिथली असेल, तर सनराइजचे नियम आधी वाचा. ट्रेडमार्क नसेल तर तुम्ही कितव्या टप्प्यात आहात ते बघा. तारीख घातलीय का बघा, वापराचा पुरावा मागतात का बघा, चिन्हांचं काय करतात बघा. यातलं काही नसेल तर आपला नंबर नंतर आहे म्हणून आमच्यासारखं शांत बसू नका, रजिस्ट्रीला लिहा, आधी लिहा. आम्ही फाइल घेऊन दोन महिने नुसते वाट बघत बसलो होतो.

तर साडेतीन तारे. तीन आजच्या सेवेचे, अर्धा त्या ७४,००० नावांच्या कारवाईचा. दीड मी देऊ शकत नाही.

आजोबा आता नाहीत, दुकान मुलगा चालवतो. मूळ नावाच्या पानावर आजही जाहिराती आहेत, मी अधूनमधून उघडून बघते, खेळण्यांच्या सुद्धा नसतात त्या. हायफनवालं नाव मागच्या आठवड्यात पुढच्या वर्षासाठी रिन्यू केलं, बिल मुलाला पाठवलं. फोनवर कोणाला वेबसाइट सांगायची असली की तो अजूनही दोनदा सांगतो, मध्ये आडवी रेघ, विसरू नका, मध्ये आडवी रेघ.